कच्च्या मण्यांचं पाणी

परदेशाहून आलेल्या माणसाने आधी विमानातून दिसलेल्या ढगांबद्दल सांगायचं आणि मग तिथल्या स्वच्छ रस्त्यांबद्दल, असा आमच्या दिंडोरी तालुक्यात रिवाज आहे. मला दोन्ही जमणार नाही. ढग मी पाहिले नाहीत, कारण विमान हललं तेव्हा मिटलेले डोळे मी ताश्कंदला उघडले. आणि रस्ते कितीही स्वच्छ असले तरी मी ज्या घरी उतरलो त्याच्या अंगणात दोन टोपल्या कचरा मी माझ्या हाताने केला. तेव्हा सरळच सांगतो. मी उझबेकिस्तानात गेलो आणि एका निवृत्त शिक्षिकेचा द्राक्षाचा मांडव तिला न विचारता भादरून ठेवला. आणि हे सगळं घडलं ते माझी भाची टेनिस खेळते म्हणून.

निघण्याआधी, दिंडोरी

कांचन माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. दाजींची चार एकर द्राक्षबाग आणि तिच्या तोंडाशी माल भरायची शेड. शेडपुढे काँक्रीटचा मोठा ओटा. दोन हंगामांच्या मध्ये तो रिकामाच असे. तिथे सातव्या वर्षी ही पोरगी शेडच्या भिंतीवर चेंडू मारायला लागली ती थांबलीच नाही. दाजींनी बागेवर फवारायच्या बोर्डोसाठी आणलेल्या चुन्याने तिला रेघा मारून दिल्या. पुढे देवळाली कॅम्पात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब मुलांना टेनिस शिकवतात असं कळलं, आणि आठ वर्षं रोज पहाटे दुधाच्या गाडीतून ती देवळालीला जात राहिली. शेजारी मी. ती शिकत असताना मी बाकावर झोपायचो, आणि परतताना सुभेदारसाहेबांच्या सूचना तिला पुन्हा समजावून सांगायचो. झोपेत ऐकलेल्या.

आता थोडं गणित, म्हणजे पुढचं कळेल. धंदेवाईक टेनिसमध्ये मुलीचं नाव जगाच्या यादीत यायचं तर त्या वेळी तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळवावे लागत. मुख्य स्पर्धेतला एक सामना जिंकला की गुण. कांचनने दोन ठिकाणी तो मिळवला होता. तिसरा मिळेना. यादी सोमवारी लागते, आणि मिळालेला गुण वर्ष झालं की गळून पडतो. तिच्या पहिल्या गुणाचं वर्ष जूनमधल्या एका सोमवारी भरत होतं. त्याच्या आधीच्या यादीत धरली जाईल अशी एकच स्पर्धा हाती होती, उझबेकिस्तानच्या फरगाणा खोऱ्यातल्या एका गावात. तिथे एक मुख्य सामना जिंकला तर तिन्ही जमले. नाहीतर होते त्या दोनातलाही एक गळणार.

दाजी बोलून मोकळे झाले होते. "पोरी, यंदा नाव लागलं तर म्होरं बघू. नाय लागलं तर बीएस्सीला ॲडमिशन घ्यायची. मी नाय म्हणतो असं नाय, पण वय जातं."

"लागेल," कांचन म्हणाली. तिने रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळणं थांबवलं नाही.

तिच्यासोबत जायला मी कसा निवडला गेलो? दाजी सामना बघायला बसले की त्यांचा रक्तदाब चढतो. अक्काला इंग्रजी येत नाही. सुभेदारसाहेबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आणि माझ्याकडे पासपोर्ट होता. आम्हा बागायतदारांचा एक परदेशी अभ्यासदौरा ठरला होता, तो रद्द झाला, पासपोर्ट तेवढा राहिला होता, कोराकरकरीत. अक्का म्हणाली, "तूच जा. तुला इंग्रजी येत नाय, पण पासपोर्ट हाय." आयुष्यात माझी निवड गुणवत्तेवर झाली ती एवढीच.

सामानात बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कांचनच्या चार रॅकेट, आणि माझी विरळणीची कैची. ही कशाला, असं कांचनने विचारलं. सवय. वीस वर्षं खिशात असते. ती नसली की पँट खाली आल्यासारखी वाटते.

शुक्रवार, डोंगर ओलांडून

ताश्कंदहून फरगाण्याला जाताना मोठा घाट लागतो. आमच्या वणीच्या घाटाचे सात भाऊ एकावर एक उभे केले तर तेवढा. वर जूनमध्येही बर्फाचे पट्टे, आणि रस्त्याकडेला बायका जर्दाळू घेऊन बसलेल्या, शेजारी पांढऱ्या गोळ्यांची रास. मला वाटलं डांबरगोळ्या. ड्रायव्हरने आग्रहाने एक तोंडात घातली. ते निघालं वाळवलेलं खारट दही. डांबरगोळी बरी असं पहिल्या मिनिटाला वाटलं, दुसऱ्या मिनिटाला दुसरी मागितली.

घाटात गाडी पंक्चर झाली. इथे मी सारखं घड्याळ बघायला लागलो, कारण पात्रता फेरीत खेळणाऱ्या मुलीने आदल्या संध्याकाळी सहाच्या आत स्वतः जाऊन सही करायची असते. सहा वाजून एक मिनिट झालं की परत नाशिकला. गाडी मैदानाशी पोचली तेव्हा माझ्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी डोक्याला हात लावून रस्त्याकडेला बसलो. कांचन बसली नाही. पाठीवर दोन पिशव्या घेऊन धावत सुटली. "मामा, मला नाही म्हणू देत. मी जाऊन ऐकते, मग रडू."

आत टेबलाशी बसलेल्या बाईंनी शांतपणे वही पुढे केली. भिंतीवरच्या घड्याळात पाच चाळीस. उझबेकिस्तान आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, आणि माझं घड्याळ अजून दिंडोरीच्या वेळेवर होतं. बागेला लाईट कधी येते ते कळावं म्हणून मी ते बदललं नव्हतं. तिथे बसून मोटर मी कशी चालू करणार होतो, हे कांचनने नंतर विचारलं. मी तिला म्हणालो, वेळेआधी पोचलीस ना, मग.

शनिवार, रविवार: खोलाचं घर

हॉटेलऐवजी खेळाडूंना गावातल्या घरांत खोल्या दिल्या होत्या. आम्हाला मिळालं ते घर सलोमत खोलांचं. खोला म्हणजे तिकडे मावशी. वय सत्तरीचं, ताठ बांधा, डोक्याला फुलांचा रुमाल. तरुणपणी त्या ताश्कंदला हिंदी शिकल्या होत्या, आणि मग पस्तीस वर्षं ह्या गावातल्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं. त्यामुळे त्यांची हिंदी अशी शुद्ध, की मी दर वाक्याला कांचनकडे बघायचो.

"आप दोनों का हार्दिक स्वागत है," त्या दारात छातीवर हात ठेवून म्हणाल्या. मी घाईत म्हणालो, "हमको पण."

अंगण पाहिलं आणि मी घरी आलो. डोक्यावर मांडव! लाकडी कमानींवर चढवलेली द्राक्षवेल, इकडून तिकडे गच्च. खाली लाकडाची भली थोरली बाज, तिच्यावर गादी, मध्ये बुटकं टेबल, आणि बाजेखालून वाहणारा पाटाचा थंड ओहोळ. तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. बाहेर उन्हात तवा तापलेला आणि आत विहिरीसारखा गारवा.

पहिल्या जेवणात मी दोन गुन्हे केले. रोटी, तिला ते नान म्हणतात, फिरकीच्या नक्षीची, मी टेबलावर उपडी ठेवली. खोलांनी ती सरळ केली. मी पुन्हा चुकून उपडी केली. त्यांनी पुन्हा सरळ केली. कांचनने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. दुसरा गुन्हा चहाचा. त्या वाटीत दोन घोट चहा ओतत, संपला की पुन्हा दोन घोट. आपल्याकडे असा चहा दिला तर सोयरीक मोडते. मी किटली घेऊन प्रेमाने त्यांची वाटी काठोकाठ भरली. खोला त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "पूरा प्याला हम उस अतिथि को देते हैं, जिसे विदा करना हो. आप मुझे मेरे घर से विदा कर रहे हैं?"

कांचन मात्र आपलं काम करत होती. शनिवारी पात्रतेचा पहिला सामना सरळ जिंकली. रविवारी दुसरा, तीन सेटमध्ये, पहिला गमावून. ती दर गुणानंतर कुंपणाकडे तोंड करून उभी राहायची, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायची आणि परत फिरायची. सुभेदारसाहेबांनी तिला सांगून ठेवलं होतं: गोळा एकदा सुटला की सुटला, त्याच्यामागे बघत बसायचं नाही, पुढचा भरायचा. घरात मी तेच वाक्य पन्नासदा सांगितलं होतं. तिला ते माझ्याकडून कधी पटलं नाही.

रविवारी संध्याकाळी ती मुख्य स्पर्धेत होती. मंगळवारी एक सामना. तोच.

सोमवार: मांडव

सोमवार विश्रांतीचा. कांचन सकाळी सराव करून येऊन खोलीत झोपली, खोला बाजारात गेल्या, आणि मी बाजेवर आडवा होऊन वर बघत राहिलो.

बागायतदाराला रिकामं बसवून त्याच्या डोळ्यासमोर मांडव ठेवू नये. घड वाटाण्याएवढ्या मण्यांवर आलेले. आणि काय दाटी! एका घडात एवढे मणी की एकाला वाढायला जागा नाही. वर पानं, पानांवर पानं. आपल्याकडे या अवस्थेत विरळणी करतात. घडातले निम्मे मणी कैचीने कापून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात, निर्यातीच्या मापात बसतात. इथे कोणी हात लावलेला नाही. मला वाटलं, बिचाऱ्या म्हातारीला कोण करून देणार? तिने एवढं खाऊपिऊ घातलं. आणि खरं सांगायचं तर मला उद्याच्या सामन्याची भीती होती, कैची हातात आली की ती विसरायला होते.

दोन तासांत मी निम्मा मांडव केला. काय सुंदर काम झालं होतं! घड कसे मोकळे, हवेशीर. घडांवरची पानंही काढली. खाली हिरव्या मण्यांचा सडा. बाजेवर उन्हाचे कवडसे पडले होते, पण तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

खोला दारातून आल्या. हातातलं खरबूज त्यांनी हळूच जमिनीवर ठेवलं. वर बघितलं, खाली बघितलं, मग माझ्याकडे. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यह आपने क्या किया?"

मी अभिमानाने म्हणालो, "थिनिंग. अब मणी इतना इतना बडा होगा." अंगठा आणि बोट जोडून सुपारीएवढं माप दाखवलं.

"आपसे किसने कहा कि हमें बड़े चाहिए?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. व्यापारी माप घेऊन येतो, आम्ही मापात बसतो. त्या पुढे बोलत राहिल्या, एकेक शब्द फळ्यावर लिहावा तसा. ही किशमिशची वेल. मणी लहान तेच चांगले वाळतात. पानांत भात-मटण गुंडाळून त्या लेकी-जावयांना खाऊ घालतात, ती पानं मी जमिनीवर टाकलेली. आणि उन्हाळा काढायचा तो ह्या सावलीत, ती मी कापलेली. "आप कैसे कृषक हैं?"

आरडाओरड्याने कांचन बाहेर आली. खरं तर आरडाओरडा झालाच नव्हता. तिला शांततेने जाग आली. तिने सडा पाहिला, माझ्या हातातली कैची पाहिली. "मामा," ती म्हणाली, "अरे, परदेशातसुद्धा?"

खोलांनी हात पुढे केला. मी कैची दिली. दोन टोपल्या आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. एकीत पानं, एकीत मणी. एकही राहता कामा नये. आपल्याकडे विरळणीचे मणी आपण पायाखाली तुडवतो, पाखरंही खात नाहीत. इथे मी भर दुपारी गुडघ्यावर रांगून एकेक मणी वेचत होतो, आणि माझ्याच कृपेने डोक्यावर ऊन होतं. कांचन वेचायला बसली तर खोलांनी तिला उठवलं. "नहीं बेटी. तुम्हारे पैर कल के लिए हैं. ये अपने पैर काम में लें."

संध्याकाळी त्यांनी ते मणी धुतले, दगडी खलात कुटले, फडक्यातून पिळले, भरपूर मीठ घातलं, पाटाच्या पाण्यात गार केलं. आपल्या कैरीच्या पन्ह्याचा थोरला भाऊ, फक्त गूळ नाही. शेतात राबणाऱ्या माणसांना इकडे हेच देतात म्हणे. उन्हात पायात गोळे येत नाहीत. एक बाटली भरून त्यांनी कांचनच्या खेळाच्या पिशवीत ठेवली. "कल इसे पीना."

मी एक घोट चाखला. माझे कान हलले.

मंगळवार: सामना

आता माझ्या मूर्खपणाचा कळस ऐका. सकाळी कांचन बुटाच्या नाड्या बांधत असताना मी ती बाटली तिच्या पिशवीतून काढून माझ्या पिशवीत घातली. मला वाटलं, परक्या गावचं आंबट पाणी, ऐन सामन्यात पोट बिघडलं तर? शिवाय ज्या बाईची बाग मी भादरली तिच्या हातचं. कांचनला सांगितलंही नाही.

ऊन असं की मातीच्या कोर्टावर पाणी मारलं की वाफ. समोर ताश्कंदची उंच मुलगी, यादीत पुष्कळ वर. बाकांवर पंचवीस-तीस माणसं. माझ्या शेजारी सलोमत खोला, मांडीवर रुमालात नान, चेहऱ्यावर कालचं सगळं.

टेनिसमध्ये बाहेरून शिकवणं हा गुन्हा आहे. हे मला माहीत होतं. पण मराठीत ओरडलेलं इथे कोणाला कळणार, असा माझा हिशेब. पहिल्या सेटमध्ये मी ओरडलो, "कांचे, पाय हलव!" उंच खुर्चीवरच्या पंचाने माझ्याकडे पाहिलं आणि कांचनला ताकीद दिली. मला नाही, तिला. पहिला सेट गेला, चार-सहा.

दुसऱ्या सेटमध्ये मी तोंड बंद ठेवलं. पण हात कोण बांधणार? ती फटके लांबवत होती, म्हणून मी उभा राहून दोन बोटांची कैची करून दाखवली: कापून टाक, लांबवू नको. पंचाने ती कैची पाहिली. एक गुण समोरच्या मुलीला. आणखी एकदा झालं तर अख्खा गेम जाईल, असंही सुनावलं. कांचन बाजू बदलताना कुंपणाजवळून गेली. "मामा," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तोंड अन् हात. दोन्ही खिशात घाल."

मी हात मांड्यांखाली घेतले. आणि तिने तो सेट काढला, सात-पाच. कसा काढला ते मला सांगता येणार नाही, कारण मी मुख्यतः माझ्या बुटांकडे बघत होतो. एवढं आठवतं की गुण गेला की ती कुंपणाकडे वळायची, तारा सरळ करायची, परत फिरायची. गुण मिळाला तरी तेच.

तिसरा सेट. तीन-तीन. एका आखूड चेंडूवर ती धावली, पोचली, फटका मारला, आणि तिथेच थांबली. उजवी पोटरी दोन्ही हातांनी धरून. पायात गोळा. मी लांबूनही पाहिलं, कातडीखाली काहीतरी हलत होतं. तो गेम गेला. तीन-चार. लंगडत ती खुर्चीत येऊन बसली, पिशवीत हात घालून चाचपू लागली. एकदा. पुन्हा. सगळं बाहेर काढलं. टॉवेल, रॅकेट, भाकरीची पुरचुंडी. बाटली नाही.

ती बाटली माझ्या मांडीवरच्या पिशवीतून डोकावत होती.

ओरडू शकत नाही, गेम जाईल. हात हलवू शकत नाही, गेम जाईल. उठून गेलो तर तो पंच माझीच वाट बघत होता. तेवढ्यात खोलांनी माझ्या मांडीवर बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. त्यांना सगळं कळलं. पस्तीस वर्षं त्यांनी चोरून कॉपी करणारी पोरं बघितली होती. बाटली त्यांनी माझ्या पिशवीतून काढली आणि सरळ कोर्टाच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पंचाने हात वर करून थांबवायला सुरुवात केली, मग त्याला दिसलं समोर कोण आहे ते. गडी खुर्चीतून खाली उतरला आणि छातीवर हात ठेवून उभा राहिला. त्याला त्यांनी गणित शिकवलं होतं. पुढे काय बोलणं झालं ते उझबेकीत. त्याने नियमाप्रमाणे बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि सामना सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हसला. स्वतः नेऊन ती कांचनच्या हातात दिली.

तिने अर्धी बाटली एका दमात संपवली. तिचा चेहरा असा झाला की समोरची मुलगीसुद्धा बघायला लागली.

आंबट पाण्याने पाय बरा झाला असं मी म्हणणार नाही. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. मी पाहिलं ते एवढंच, की ती उठली, दोन्ही टाचा जमिनीला दाबून उभी राहिली, आणि तिने धावणं सोडून दिलं. धावता येणारच नव्हतं. रेघेच्या आत उभी राहून, चेंडू उठतो न उठतो तोच फटका. एक घाव, दोन तुकडे. गेला तर गेला. सुभेदारसाहेब तिला हे वर्षभर सांगत होते, तिचं धैर्य होत नव्हतं. आता दुसरा उपायच नव्हता. चार-चार. पाच-चार.

शेवटच्या गेममध्ये तिच्या सर्व्हिसवर एक गुण बाकी राहिला. तिने चेंडू तीनदा आपटला. माझ्या गळ्यात आरोळी येऊन बसली होती, ती आता निघणार हे मला कळत होतं, थांबवता येत नव्हतं. तोंड उघडलं. त्याच क्षणी खोलांनी नानचा चांगला मोठा तुकडा त्यात कोंबला.

त्यामुळे माझ्या भाचीने आयुष्यातला सगळ्यात मोठा गुण जिंकला तेव्हा मी कोरडी रोटी चावत होतो. तिने रॅकेट टाकली नाही, आकाशाकडे पाहिलं नाही. सवयीने कुंपणाकडे वळली, तारा सरळ करायला लागली, आणि मग तिला आठवलं की पुढचा गुण नाही. तेव्हा ती तिथेच खाली बसली.

बाहेर आल्यावर मी तिला बाटलीचं खरं सांगितलं. तिने आपली पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी माझ्या पिशवीला हात लावलास तर तुला घरी ठेवीन. पासपोर्टसकट."

पुढच्या फेरीत ती हरली, दोन सेटमध्ये, त्याच दुखऱ्या पायाने, शेवटच्या चेंडूपर्यंत खेळून. निघताना खोलांनी कैची वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिली, आणि माझ्यापुढे चहाची वाटी ठेवली. काठोकाठ भरलेली.

नाशिक

सोमवारी नाशिकमधल्या एका सायबर कॅफेत एका संगणकापुढे आम्ही पाच जण: कांचन, अक्का, दाजी, मी, आणि कुबडी घेतलेले सुभेदारसाहेब. यादी वरून एकेक ओळ उघडत होती, त्या काळच्या वेगाने. दाजी प्रत्येक परक्या नावाला घाम पुसत होते. सुभेदारसाहेब म्हणाले, "अहो, वरून काय बघता? चढाई खालून होते. खालून बघा."

खालून चौथं नाव तिचं होतं.

दाजींनी ते बोटाने पुसून पाहिलं. अक्काने डोळ्याला पदर लावला. कांचन पडद्याजवळ वाकली आणि तिच्या लगेच वरचं नाव वाचलं. "हिला मी मागच्या वर्षी हरवलंय," ती म्हणाली. "ही माझ्या वर कशी?" मग दाजींकडे वळून, "बीएस्सीचा फॉर्म?"

"कसला फॉर्म?" दाजी म्हणाले.

त्याच हिवाळ्यात खोलांचं पत्र आलं, तशाच कोरीव हिंदीत. माझ्या हाताखालून गेलेला एक घड त्यांनी लाल दोरा बांधून ठेवला होता. त्यांनी लिहिलं होतं: मणी खरोखर फार मोठे झाले, गावात लोक बघायला आले. चव फिकी आहे.

आमच्याकडे तेव्हा विरळणी चालू होती. कांचनसाठी ते पाणी करायचं मी ठरवलं, टोपलीभर मणी गोळाही केले. अक्काने टोपली माझ्या हातातून घेऊन उकिरड्यावर ओतली. "आठवड्यात तीन औषधं मारली तू ह्याच्यावर. लेकराला पाजतो का?" वीस वर्षं द्राक्ष पिकवतो, आणि त्यातला कच्चा मणी माझ्या भाचीच्या तोंडात घालायच्या लायकीचा नव्हता.

तेव्हापासून दरसाल माझ्या बागेत कडेची एक ओळ बिनऔषधाची असते. शेजारी रस्त्यावरून जाताना गाडी थांबवून बघतात, कारण केवडा रोग पडून तिची निम्मी पानं तेलकट डागांनी भरलेली असतात. "कृषक, ही ओळ सोडून दिली काय?" ते विचारतात. कांचनने ते नाव तालुकाभर केलंय. कैची घेऊन मी त्या ओळीत शिरतो, तिला विचारून. त्या ओळीच्या पहिल्याच हंगामात, जानेवारीत कांचन दौऱ्याला निघाली तेव्हा पहिली बाटली तिने पहाटे दुधाच्या गाडीतच उघडली, एक घोट घेतला, आणि तोंड वाकडं न करता म्हणाली, "मीठ कमी पडलंय, मामा."